बावन्न दरवाजांच्या गावात पाण्याची वाट

छत्रपती संभाजीनगरला आपली माणसे वर्षभर येत असतात. कोणी वेरूळ-अजिंठ्याची लेणी पाहायला येते, कोणी नागसेनवनाच्या मातीला वंदन करायला, कोणी विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी उभे राहून मुलाबाळांसह फोटो काढायला. एसटीतून उतरायचे, रिक्षा ठरवायची, बीबीका मकबरा आणि पाणचक्की पाहायची आणि संध्याकाळच्या गाडीने परतायचे, असा बहुतेकांचा बेत असतो. पण या शहरात आणखी एक यात्रा करण्यासारखी आहे. तिची पाटी कुठे लावलेली नाही आणि तिचा वाटाड्याही मिळत नाही. ती आहे पाण्याच्या वाटेने जाण्याची यात्रा. पाणी या गावात कुठून आले, कोणाच्या दारात थांबले, कोणाच्या दारावरून पुढे गेले आणि त्याचे पैसे कोणी मोजले, हे पाहत हिंडले म्हणजे हे शहर वेगळेच दिसू लागते.

वाचकहो, ग्राहक म्हणजे बाजारात जाऊन वस्तू निवडणारा माणूस, अशी आपली समजूत आहे. एका दुकानातले तेल पटले नाही तर तो दुसऱ्या दुकानात जातो. साडी आवडली नाही तर घडी मोडून परत देतो. पण ज्याला दुसरे दुकानच नाही आणि जी वस्तू घेतल्यावाचून एक दिवसही निघत नाही, त्या ग्राहकाचे काय होते? याचे उत्तर या शहरातल्या बायाबापड्यांना विचारावे. त्या पाण्याच्या ग्राहक आहेत.

लेण्यांच्या पायथ्याशी पहिला धडा

पाहुण्याला पहिला धडा पाण्याच्या बाटलीपासूनच मिळतो. उन्हाळ्यात लेणी चढून उतरले की घशाला कोरड पडते. एका टपरीवर मी बाटली मागितली. बाटलीवर छापील किंमत वीस रुपये होती, मागितले पंचवीस. विचारले तर उत्तर मिळाले, "साहेब, थंड करायचे पाच रुपये." मागे उभ्या असलेल्या एका कुटुंबाने मुकाट्याने चार बाटल्यांचे शंभर रुपये दिले. वीस रुपये कुठल्याही हिशेबात न येता गेले.

आवेष्टित वस्तूंच्या नियमांनुसार बंद वस्तूवर जी कमाल किरकोळ किंमत छापलेली असते, तिच्यात सर्व कर धरलेले असतात. दुकानदाराला तिच्यापेक्षा जास्त घेता येत नाही. थंड करण्याचा खर्च ही वेगळी वस्तू नव्हे. मात्र एक गोष्ट लक्षात ठेवावी. हॉटेलात टेबलाशी बसवून, सेवा देऊन बाटली दिली असेल तर छापील किमतीहून जास्त घेण्यास सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये मुभा दिली आहे. म्हणून टपरी कोणती आणि हॉटेल कोणते, हा फरक ओळखून बोलावे. वादावादी न करता बाटलीवरची छापील किंमत दाखवून तेवढेच पैसे पुढे केले, तर पुष्कळ दुकानदार मुकाट्याने घेतात.

याच दऱ्याखोऱ्यांत एके काळी पाण्याचा व्यवहार कसा होता, तेही आठवावे. कान्हेरी आणि जुन्नर येथील लेण्यांच्या शिलालेखांत "पोढी" हा शब्द येतो. पोढी म्हणजे खडकात खोदलेले पाण्याचे टाके. उपासक आणि उपासिका भिक्खू संघासाठी टाके खोदवून दान देत आणि त्या दानाची नोंद दगडावर कोरली जाई. पाणी देणाऱ्याचे नाव दोन हजार वर्षे टिकावे, इतके ते दान मोलाचे मानले गेले होते.

गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस आणि त्याची नहर

पाणचक्कीला सगळेच जातात. खाम नदीच्या काठचा हा परिसर बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याचा. डोंगराकडच्या झऱ्याचे पाणी जमिनीखालच्या खापरी नळांतून इथवर आणले, ते भिंतीवरून उंचावरून सोडले आणि त्याच्या जोरावर दगडी जाते फिरवले. दर्ग्यात येणाऱ्या फकीर-यात्रेकरूंसाठी त्या जात्यावर पीठ दळले जाई. वर पाण्याचा हौद आहे आणि हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचे छत आहे. भर उन्हाळ्यात त्या दालनात शिरले की अंगाला गारवा लागतो.

पाहुणे हौदातले मासे पाहतात आणि निघतात. परंतु या शहराला नहर बांधून पाणी देण्याची कल्पना ज्याची, तो माणूस लक्षात ठेवण्याजोगा आहे. मलिक अंबर हा आफ्रिकेतला हबशी. लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेला, बाजारातून बाजारात हातोहात गेला आणि अखेर अहमदनगरच्या निजामशाहीत पोहोचला. तिथे तो स्वतःच्या कर्तबगारीने वजीरपदापर्यंत चढला. १६१० मध्ये त्याने खडकी गावी नवे शहर वसवले. हेच पुढचे औरंगाबाद आणि आजचे छत्रपती संभाजीनगर. शहर वसवताना त्याने पाण्याचा विचार आधी केला. डोंगराच्या पायथ्याचे झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बांधीव नहरीतून उताराने गावात आणले. तिला नहर-ए-अंबरी म्हणतात. तिला ना वीज लागत होती ना पंप. १६२६ मध्ये मलिक अंबर वारला. त्याची नहर मात्र पुढे कितीतरी पिढ्या शहराची तहान भागवत राहिली.

ज्याची स्वतःची किंमत बाजारात ठरवली गेली होती, त्याने शहराला पाणी दिले. ही गोष्ट आपल्या मुलांना पाणचक्कीच्या काठावर बसूनच सांगावी.

दौलताबादचा हौद

शहरातून वेरूळकडे जाताना वाटेत दौलताबादचा किल्ला लागतो. आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे की १९३४ साली बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहायला निघाले असता या किल्ल्यापाशी थांबले होते. प्रवासाची धूळ अंगावर होती. दाराजवळच्या हौदावर काहींनी हातपाय धुतले. त्याबरोबर आरडाओरडा झाला, जमाव जमला आणि अस्पृश्यांनी हौद बाटवला म्हणून शिवीगाळ सुरू झाली. निजामाच्या राज्यातला हा प्रसंग. शेवटी किल्ला पाहू दिला, पण आत कुठेही पाण्याला हात लावू नये म्हणून बरोबर शस्त्रधारी शिपाई देण्यात आला. हा अनुभव बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे.

महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह त्याआधी सात वर्षे, म्हणजे २० मार्च १९२७ ला झालेला होता. तरीही हौदावर पहारा बसला. म्हणून या शहरात पाण्याविषयी बोलताना आपण केवळ नळपट्टीविषयी बोलत नाही, एवढे मनात असावे. संविधानाने अस्पृश्यता मोडीत काढली आणि सार्वजनिक विहिरी, तळी सर्वांना खुली केली. पाण्याला हात लावण्याचा हक्क आजोबा-पणजोबांनी मिळवला. आता प्रश्न आहे तो हात लावायला पाणी मिळण्याचा आणि त्याचे किती पैसे मोजायचे याचा.

वर्षाचे बिल, आठवड्याचे पाणी

किल्ला उतरून पुन्हा शहरात येऊ. २०११ च्या जनगणनेत महापालिका हद्दीची लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या घरात होती. त्यानंतर वस्ती वाढतच गेली. गेल्या दहा-पंधरा वर्षांतले अनेक उन्हाळे असे गेले की पुष्कळ वसाहतींना आठवड्यातून एकदा, कधी आठ दिवसांनी पाणी आले. आणि पाणीपट्टी? ती मात्र वर्षाची. अर्ध्या इंचाच्या घरगुती नळाला वर्षाला ४,०५० रुपये आकारले जात होते. लोकांचा संताप वाढल्यावर २०२२ मध्ये ती निम्मी करून २,०२५ रुपये केली गेली. २३ मे २०२२ रोजी शहरात पाण्यासाठी निघालेला मोठा मोर्चा आणि त्यातल्या बायांच्या डोक्यावरचे हंडे अनेकांनी पाहिले आहेत.

भगिनींनो, आपण घरातला हिशेब करतो तसाच हा हिशेब करून पाहा. आठवड्यातून एकदा म्हणजे वर्षातून बावन्न वेळा पाणी. बावन्न दरवाजांचे गाव म्हणून हे शहर ओळखले जाते. पाण्याच्या पाळ्याही तेवढ्याच. ४,०५० भागिले ५२ केले तर एका पाळीला सुमारे ७८ रुपये पडले. पट्टी निम्मी झाल्यावर ३९ रुपये. दूधवाल्याने महिन्याचे पैसे घेऊन चारच दिवस दूध घातले असते, तर आपण त्याला दारात उभे केले असते का?

आता साठवणुकीचे पाहा. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी मिळावे, असे सरकारी प्रमाण आहे. पाच माणसांच्या घराला रोजचे ६७५ लिटर झाले, आठवड्याचे ४,७२५ लिटर. ज्याच्या बंगल्याखाली हौद आहे आणि गच्चीवर दोन टाक्या आहेत, तो हे पाणी साठवू शकतो. एका खोलीत राहणाऱ्याने काय करावे? दोनशे लिटरच्या ड्रममध्ये एवढे पाणी भरायचे तर चोवीस ड्रम लागतील. तेवढी त्याची खोलीच नाही. म्हणजे पट्टी सारखी असली तरी ज्याच्याकडे जागा आहे त्याच्या पदरात पाणी जास्त पडते. शिवाय पाण्याच्या दिवशी नळाला थेट मोटार लावणारे शेजारी असतातच. त्यांच्या मोटारीने वरच्या गल्लीतले पाणी ओढले जाते आणि शेवटच्या घराच्या तोटीतून नुसती हवा फुसफुसते. मग भांडण कोणाशी होते? ज्याने पाणी द्यायचे त्याच्याशी नव्हे, शेजारणीशी.

निळ्या ड्रमांची वस्ती

नळ आहे त्यांची ही कथा. ज्यांना नळच नाही, त्यांची वेगळी. या शहरात शेतजमिनीचे गुंठ्या-गुंठ्याचे तुकडे पाडून विकलेल्या कितीतरी वसाहती आहेत. त्यांना गुंठेवारी म्हणतात. अशा वसाहती नियमित करण्यासाठी राज्याने २००१ मध्ये कायदा केला. खेड्यातून कामासाठी आलेली, आयुष्याची कमाई घालून एक-दोन गुंठे घेतलेली आपली पुष्कळ कुटुंबे या वसाहतींत आहेत. प्लॉट विकणाऱ्याने रस्ता, नळ, गटार सगळे काही "लवकरच" होणार असे सांगितलेले असते. सातारा-देवळाई, मिसारवाडी अशा भागांतल्या पुष्कळ घरांनी वर्षानुवर्षे टँकरचे पाणी प्यायले.

अशाच एका वसाहतीत माझ्या मामी राहतात. त्यांच्या गल्लीत प्रत्येक दारापुढे निळे ड्रम ओळीने मांडलेले, वर फळीचे झाकण, झाकणावर दगड. टँकर आला की लहान पोरापासून म्हातारीपर्यंत सगळे बाहेर. मी गेलो त्या दिवशी दुपारी टँकर आला. मामी ड्रमात वाकून पाहत म्हणाल्या, "दादा, काठोकाठ भरा की. चार बोटं कमीच हाय."

नळी दुसऱ्या ड्रमाकडे वळवत तो पोरगा म्हणाला, "मावशी, मागं अजून वीस घरं हायेत. समद्यांना पुरवायचं हाय मला."

त्याचेही खोटे नव्हते. तो रोजंदारीवरचा माणूस; टँकर त्याचा नव्हता. परंतु दोनशे लिटरच्या ड्रमात चार बोटे कमी म्हणजे सुमारे पंधरा लिटर पाणी कमी. आठ ड्रम घेतले तर १२० लिटर गेले. किराणा दुकानात शंभर ग्रॅम साखर कमी भरली तर आपण काट्याकडे बोट दाखवतो. टँकरच्या नळीला काटा नाही, पावती नाही आणि उद्या येणार नाही म्हणाला तर दुसरा उपायही नाही.

मामींना विचारले, पाण्यासाठी महिन्याला किती जातात? त्यांनी बोटे मोजून आकडा सांगितला आणि मग म्हणाल्या, "पैशाचं सोड बाबा. ज्या दिवशी टँकर त्या दिवशी माझा खाडा. आणि माझा खाडा नको असला तर पोरीची शाळा बुडते." हा खर्च कुठल्याही बिलात लिहिलेला नसतो. पाणी महाग की स्वस्त, हे ठरवताना तो धरलाच पाहिजे. नळ असलेल्या बंगल्यातल्या माणसापेक्षा ड्रमाने पाणी विकत घेणाऱ्या बाईला लिटरमागे जास्त पैसे पडतात आणि वर तिची मजुरीही बुडते. गरिबाला गरिबीचाच दंड भरावा लागतो, तो असा.

मालक बदलला, ग्राहक तोच

महापालिकेला जमत नसेल तर कंपनीला द्यावे, ती धंदा म्हणून तरी नीट चालवील, असे म्हणणारे पुष्कळ असतात. या शहराने तोही प्रयोग करून पाहिला आहे. जायकवाडीपासून समांतर जलवाहिनी टाकायची, चोवीस तास पाणी द्यायचे आणि वीस वर्षे पाणीपुरवठा खासगी कंपनीने सांभाळायचा, अशी सुमारे ७९२ कोटी रुपयांची योजना ठरली. २०११ मध्ये करार झाला. १ सप्टेंबर २०१४ पासून औरंगाबाद सिटी वॉटर युटिलिटी कंपनीकडे शहराचा पाणीपुरवठा सोपवण्यात आला. करारात पाणीपट्टी दरवर्षी वाढत जाणार होती. मुख्य जलवाहिनीचे काम रेंगाळले, तक्रारी वाढल्या, नागरिकांनी मोर्चे काढले. अखेर जून २०१६ मध्ये महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने करार रद्द करण्याचा ठराव केला आणि पाणीपुरवठा पुन्हा पालिकेकडे आला.

दक्षिण अमेरिकेतल्या बोलिव्हिया देशात कोचाबांबा नावाचे शहर आहे. तिथेही पाणीपुरवठा कंपनीकडे दिल्यावर दर भडकले, लोक रस्त्यावर उतरले आणि एप्रिल २००० मध्ये सरकारला तो करार मोडावा लागला. देश निराळा, भाषा निराळी, पण गाऱ्हाणे एकच.

यातून एवढेच ध्यानात घ्यावे की, कंपनी आली तरी दुसरे दुकान उघडत नाही. नळाची पाइप एकच असते. एका मालकाच्या जागी दुसरा मालक बसतो आणि ग्राहकाला पसंतीचा हक्क पूर्वीही नव्हता, नंतरही नसतो. पालिकेत निदान नगरसेवकाला दारात अडवून जाब विचारता येतो. कंपनीच्या खिडकीवर तेवढेही नाही. निवडणुकाच लांबल्या तर तोही मार्ग बंद होतो. या महापालिकेच्या सभागृहाची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली आणि पुढे कित्येक वर्षे कारभार प्रशासकाकडे राहिला, हे त्या काळातल्या पाण्याच्या तक्रारींसोबत वाचावे.

पैठणच्या रस्त्याने

आता पाणी येते कुठून, ते पाहू. रेल्वे स्टेशनकडून पैठणचा रस्ता धरला की नक्षत्रवाडीची टेकडी लागते. धरणाकडून उपसून आणलेले पाणी आधी या उंचीवर चढवतात आणि मग शहरात सोडतात. मलिक अंबरचे पाणी उताराने आपोआप येत होते. हे पाणी वीज जाळून वर चढवावे लागते. वीज गेली की पंप थांबतात आणि पाण्याची पाळी एक दिवस पुढे ढकलली जाते.

पुढे चितेगाव. इथे घरगुती उपकरणे बनवणारा व्हिडिओकॉनचा मोठा कारखाना. एके काळी मराठवाड्यात घरात टीव्ही आला की या कंपनीचे नाव अभिमानाने घेतले जाई. २०१८ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या कारवाईत गेली. त्यापुढे फारोळा. इथे जलशुद्धीकरण केंद्र आहे. धरणाचे पाणी इथे गाळून, औषध घालून पुढे पाठवतात. रस्त्याच्या कडेने जुन्या जलवाहिन्या जातात. एक ७०० मिलिमीटरची, दुसरी १४०० मिलिमीटरची. त्या फुटल्या की शहर कोरडे पडते आणि रस्त्यावर मात्र कारंजे उडते.

१२ डिसेंबर २०२० रोजी नव्या योजनेचे भूमिपूजन झाले. तिचा खर्च १,६८० कोटी रुपये सांगितला गेला होता, पुढे तो २,७०० कोटींच्या वर गेला. तिची मुख्य वाहिनी तब्बल २५०० मिलिमीटर व्यासाची, म्हणजे माणूस आत सहज उभा राहील एवढी. मुदतीमागून मुदती उलटत गेल्या आणि उच्च न्यायालयालाही या कामात लक्ष घालावे लागले. एक नक्की की, वाहिनी कितीही मोठी असली तरी ती मामींच्या गल्लीपर्यंत पोहोचल्याशिवाय त्यांचे ड्रम हलणार नाहीत.

आणि मग जायकवाडी. पैठणला नाथसागराच्या भिंतीवर उभे राहिले की डोळे दिपतात. सुमारे दहा किलोमीटर लांबीचे मातीचे धरण, २७ दरवाजे, नजर पोहोचेल तिथवर पाणी. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण झाले. हिवाळ्यात इथे परदेशी पाखरे उतरतात. शहरापासून हे ठिकाण अवघे पन्नास किलोमीटर. इतक्या जवळ इतके पाणी असून आठवड्याने एकदा नळ, हे त्या भिंतीवर उभे राहून मनाला पटतच नाही.

पाणी नाही, असे मग कोणी कोणाला सांगावे? एप्रिल २०१६ च्या भीषण दुष्काळात लातूरला रेल्वेने पाणी नेले जात होते, तेव्हा औरंगाबाद परिसरातल्या बिअर आणि मद्याच्या कारखान्यांचे पाणी सुरूच होते. प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेले. खंडपीठाने मद्यनिर्मिती कारखान्यांच्या पाण्यात ६० टक्क्यांपर्यंत आणि इतर उद्योगांच्या पाण्यात त्याहून कमी कपात करण्याचा आदेश दिला. कारखाने चालले पाहिजेत, वाळूज-चिकलठाण्यात आपल्याच पोरांच्या चुली त्यावर पेटतात, हे कोणी नाकारत नाही. पण आधी पिण्याचे पाणी, ही गोष्ट सांगायला न्यायालयात जावे लागले, हेही विसरू नये.

१९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना बाबासाहेबांनी दामोदर आणि महानदी खोऱ्यांच्या योजनांना चालना दिली. नदीचे पाणी हे संकट न मानता संपत्ती मानून नीट वापरावे, हा त्यांचा आग्रह होता. चवदार तळ्यावर पाण्याचा हक्क मागणारा हा नेता धरणांच्या नियोजनातही तेवढाच रमला, कारण या दोन गोष्टी त्यांच्या लेखी वेगळ्या नव्हत्या.

आपण काय करावे

नुसती हळहळ करून ड्रम भरत नाही. म्हणून काही साध्या गोष्टी सांगतो. त्या या शहरापुरत्याच नाहीत, तुमच्या गावालाही लागू पडतील.

पहिली गोष्ट वहीची. स्वयंपाकघरात एक वही टांगून ठेवावी. पाणी कोणत्या तारखेला आले, किती वाजता आले, किती वेळ आले आणि त्याला दाब होता की नाही, हे मुलांनी लिहावे. टँकर असेल तर ड्रम किती आणि पैसे किती, तेही लिहावे. गल्लीतल्या दहा घरांच्या वह्या एकत्र आल्या की ती रडकथा राहत नाही, तो पुरावा होतो.

दुसरी गोष्ट अर्जाची. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा आहे. दहा रुपयांच्या अर्जावर तीस दिवसांत माहिती मिळायला हवी. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांना शुल्क नाही. आमच्या वसाहतीला गेल्या वर्षी किती दिवस पाणी सोडले, टँकरच्या किती खेपा दाखवल्या, हे विचारावे. वहीतल्या खेपा आणि कागदावरच्या खेपा शेजारी शेजारी ठेवाव्यात. अर्ज कसा लिहायचा, हे महिला मंडळाने विहारात रविवारी शिकवावे. वंदना झाल्यावर अर्धा तास त्यासाठी द्यायला हरकत नाही.

तिसरी गोष्ट जारची. लग्न, नामकरण, पुण्यानुमोदन, कोणताही कार्यक्रम असो, आता वीस लिटरचे जार येतात. झाकणाला सील नसलेले गार पाण्याचे जार कुठे भरले, कधी भरले, हे कळायला मार्ग नसतो. सीलबंद घ्यायचे तर त्यावर भरणाऱ्याचे नाव-पत्ता, तारीख, छापील किंमत आणि अन्नसुरक्षा परवान्याचा चौदा अंकी क्रमांक पाहूनच घ्यावेत.

चौथी गोष्ट तक्रारीची. बाटलीवर छापील किमतीहून जास्त घेतले तर वैधमापन विभागाकडे तक्रार करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या जागी २०२० पासून नवा कायदा लागू झाला आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीबाबतच्या तक्रारीला शुल्क लागत नाही. वकील लावलाच पाहिजे असेही नाही. मात्र पावती हवी. पाच रुपयांची असली तरी पावती मागण्याची लाज बाळगू नये.

शेवटची गोष्ट प्लॉट घेणाऱ्यांसाठी. गुंठा घेताना रस्ता दाखवतात, तसा नळ दाखवा म्हणावे. "लवकरच होईल" हे शब्द खरेदीखतात लिहून मागावेत. लिहून देत नसतील तर तो प्लॉट स्वस्त नाही. राहिलेले पैसे पुढची वीस वर्षे टँकरला द्यावे लागतील.

पुढच्या वेळी छत्रपती संभाजीनगरला याल तेव्हा लेणी अवश्य पाहा, नागसेनवनात जा. जमले तर एक दुपार एखाद्या गुंठेवारी वसाहतीत, निळ्या ड्रमांच्या रांगेत काढा. तिथल्या बायांना विचारा, त्यांची वही पाहा, नसेल तर वही घेऊन द्या. पाण्यावरचा आपला हक्क महाडला एका ओंजळीने सांगितला गेला. आता तो तारीख, वेळ आणि लिटर लिहून सांगण्याचे काम आपल्या घराघरांतल्या लेकीबाळींचे आहे.